दोन चाकांचे घर

आमच्या परभणीकडे ‘ट्रेलर’ हा शब्द फारसा कोणी वापरत नाही. ट्रॅक्टरच्या मागे जोडतात ती ट्रॉली. तिच्यातून सुगीत कापूस आणि सोयाबीन जाते, हिवाळ्यात ऊस जातो आणि वैशाखात लग्नाचे वऱ्हाड जाते. अशाच एखाद्या दोनचाकी सांगाड्यावर लाकडी खोली असावी, तिच्यात माणसाने रात्री झोपावे, मागच्या अंगाला स्वयंपाकघर असावे आणि खिडक्यांना पडदे असावेत, असे मी प्रथम घरात बोललो, तेव्हा आमच्या मंडळींनी माझ्याकडे एका विशिष्ट नजरेने पाहिले. प्राध्यापकांच्या बायकांना ही नजर लग्नानंतर फार लवकर साधते.

पण कल्पना माझी नव्हे. अमेरिकेत १९३० च्या दशकात हौशी लोकांनी परसात लाकडी छोट्या गाड्या बांधून मोटारीच्या मागे जोडायला सुरुवात केली. दुसरे महायुद्ध १९४५ मध्ये संपले, माणसे घरोघर परतली, आणि मग तिकडच्या कारागिरीच्या मासिकांतून अशा गाड्यांचे आराखडे छापून येऊ लागले. करवत आणि हातोडा धरता येणाऱ्या कोणाही गृहस्थाला सुटीच्या दिवसांत ती बांधता यावी, असा त्यांचा रोख. गाडीचे तोंड गोलसर, पाठ उतरत उतरत शेपटीकडे निमुळती. बाजूने पाहिले तर आडवा पडलेला अश्रूचा थेंब. म्हणून तिचे नाव ‘टिअरड्रॉप’. आम्ही घरात तिला ‘थेंबगाडी’ म्हणतो. खरे तर पडता थेंब कधीच असा नसतो. पावसाचा लहान थेंब गोळीसारखा वाटोळा असतो आणि मोठा खालून चपटा होतो. शेपटीचा थेंब फक्त चित्रकारांच्या आणि कवींच्या राज्यात पडतो. मात्र वाऱ्यातून जायला हा आकार उत्तम. बोथट गोल तोंड आणि निमुळती शेपटी असली की हवा अंगालगत सरकत जाते आणि मागे भोवरे कमी उठतात.

आता परभणीच्या मराठीच्या प्राध्यापकाला ही उठाठेव कशाला, असे वाचक विचारतील. त्याचे कारण आमची आई. तिचे माहेर गोदाकाठी, गंगाखेडच्या वरच्या अंगाला. वय पंचाहत्तरीच्या पुढे, गुडघे थकलेले. परभणीहून गंगाखेडला रेल्वे आहे, मोटारी आहेत, पण स्टेशनावरून नदीचा काठ गाठायचा, तिथे दोन रात्री राहायचे, पहाटे पाणी डोक्यावरून घ्यायचे, हे तिच्याने होत नाही. लॉजचे जिने चढवत नाहीत. परक्या घरी रात्री चार वेळा उठायचा संकोच वाटतो. “आता नदी फोटोतच पाहायची,” असे ती एकदा सहज म्हणाली. तक्रार म्हणून नव्हे, भाजी निवडता निवडता. हे वाक्य माझ्या मनात घर करून बसले. घर नदीपर्यंत नेता येईल काय, हा विचार तेव्हापासूनचा.

थेंबगाडीचे सारे गणित प्लायवूडच्या तावावर बसलेले असते. ताव आठ फूट लांब, चार फूट रुंद. त्यामुळे गाडीही आठ फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट उंच. एका तावातून एक बाजू निघते, दुसऱ्यातून दुसरी, तिसरा ताव म्हणजे जमीन. आत फक्त अंथरूण. माणसाने आत बसावे, आडवे व्हावे, उभे राहू नये. शेवटच्या दीड-दोन फुटांत स्वयंपाकघर, तेही बाहेरून उघडणारे. मागचा वक्र पडदा वर उचलून टेकू दिला की तोच छप्पर होतो, आणि त्याच्या सावलीत उभे राहून पोळ्या लाटता येतात.

मी बैठकीच्या खोलीत फरशीवर खडूने पूर्ण मापाचा आराखडा काढला. चार फुटांत माणसे दोनच मावतात. अमेरिकन आराखड्यात ती दोन म्हणजे नवरा-बायको, हे उघड आहे. आमच्या घरात त्यावर चर्चा झाली नाही, कारण ती करण्यासारखी नव्हतीच. आत आई आणि नातीपैकी जी धाकटी ती. बाकीच्यांनी गाडीलगत राहुटीत झोपावे. आईने खडूच्या रेघांकडे पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला, “अरे, यात देव कुठं ठेवायचे?” त्या प्रश्नाने उशाकडच्या भिंतीत एक कोनाडा आला. दुसरी कसोटी उंचीची. गुडघेदुखीच्या माणसाला गाडीत चढायचे नसते, बसायचे असते. आधी काठावर बसावे, मग पाय आत घ्यावेत. पुस्तके एकावर एक रचून मी आईला बसवून पाहिले. अठरा इंचांवर ती विनासायास बसली आणि विनासायास उठली. गाडीतल्या गादीचा माथा जमिनीपासून सव्वीस इंचांवर येत होता. म्हणजे दाराशी आठ इंचांचा चौरंग हवा. घरात सत्यनारायणाचा होताच.

कागद घेऊन मी आमच्या मिस्तरींकडे गेलो. त्यांच्या तीन पिढ्या बैलगाड्या करण्यात गेल्या. आता दारे-खिडक्या करतात, पण हात मूळचा गाडीचा. त्यांनी कागद आडवा धरला, उभा धरला, चष्मा कपाळावर सरकवला.

“सर, हे काय करायलाव?”

मी सांगितले. त्यांचे बोट आखावर येऊन थांबले. मी चाके अगदी मधोमध, चार फुटांवर दाखवली होती, जशी ती बहुतेक चित्रांत दिसतात.

“उलाळ व्हईल ही गाडी.”

उलाळ! हा शब्द मी जुन्या कोशात वाचलेला, वर्गात समजावून सांगितलेला. गाडीत आखाच्या मागे वजन जास्त झाले की गाडी मागे बसते आणि जू वर उचलले जाते. बैलांच्या गळ्याखालचे पट्टे गळ्याला फास बसावा तसे आवळतात. मोटारीच्या मागच्या ट्रेलरलाही हाच नियम लागू आहे, फक्त तिथे फास बैलाऐवजी माणसाच्या गळ्याला बसतो. जोडाच्या आकड्यावर पुरेसे ओझे नसेल तर वेगात ट्रेलर मागच्या मागे डावी-उजवीकडे झोके घेऊ लागतो, झोके वाढत जातात आणि शेवटी तो मोटारीलाही रस्त्यावरून ओढून नेतो. म्हणून एकंदर वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार आकड्यावर असावा, असा त्या विद्येचा दंडक आहे.

घरी येऊन मी हिशेब मांडला. तो थोडा सांगतो, कारण या गाडीचा जीव त्यातच आहे. चाके आणि आख सोडून सांगाडा साधारण २०० किलो, आणि त्याचे वजन मध्यावर, म्हणजे गाडीच्या तोंडापासून चार फुटांवर धरू. मागचे स्वयंपाकघर, पाण्याची कळशी, शेगडी, भांडी, डबे मिळून ६० किलो, सव्वासात फुटांवर. पुढे गाद्या आणि ट्रंक, आणखी ६० किलो, अडीच फुटांवर. एकूण ३२० किलो, आणि त्या साऱ्याचा तोल येतो चार फूट चार इंचांवर. आख मध्यावर ठेवला तर तोल आखाच्या मागे जातो. तोंडापुढे चार फूट दांडी धरली, तर आकड्यावर भार पडायचा तो राहिलाच, उलट तेरा किलोचे उचल बसते. स्वयंपाकघराने गाडी उलाळ केली! आख मागे सरकवत सव्वापाच फुटांवर नेला, तेव्हा आकड्यावर ३२ किलो आले, बरोबर दहा टक्के. मिस्तरींनी हे कागद-पेन्सिलीवाचून, बोटाने सांगितले होते.

त्यांनी दुसरी गोष्ट विचारली ती चाकोरीची. ‘चाकोरीबाहेरचे जीवन’ वगैरे शब्दप्रयोग आम्ही साहित्याच्या मंडळींनी इतके वापरले आहेत की चाकोरी ही खरी, चिखलातली वस्तू आहे, हे आम्ही विसरून गेलो आहोत. आमची जमीन काळी, कापसाची. पावसात ती लोण्यासारखी होते आणि उन्हात तिच्या भेगांत हात जातो. गाडीवाटेवर वर्षानुवर्षे एकाच अंतराची चाके जाऊन खोल चऱ्या पडलेल्या असतात. जिच्या चाकांचे अंतर वेगळे, ती गाडी एक चाक चरीत आणि एक उंचवट्यावर, अशी कलती चालते. तेव्हा पुढच्या वाहनाच्या चाकांमधले अंतर मोजावे आणि मागच्या गाडीला तेच द्यावे. पुढच्या चाकाने दाबलेल्या मातीवरूनच मागचे चाक जाते आणि ओढ कमी लागते.

इतके झाल्यावर कायद्याकडे वळलो. तो आधी पाहायला हवा होता असे कोणी म्हणेल, पण आधी कायदा पाहिला असता तर खडू हातीच घेतला नसता. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हेसुद्धा ‘मोटार वाहन’च आहे. त्याला नोंदणी लागते. मंजूर नमुन्याप्रमाणे बनलेल्या वाहनाची नोंदणी सरळ होते. परसात बांधलेल्या एकुलत्या एक गाडीची वाट बिकट आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, पण तो विचार मुख्यतः व्यवसायाचा. शिवाय आमच्या लहान मोटारीची पुस्तिका उघडली, तर मागे काही ओढू नये असे तिथे स्वच्छ लिहिलेले. वाचकांपैकी कोणाला हा नाद लागलाच, तर लाकूड आणण्यापूर्वी ही पुस्तिका वाचावी आणि परिवहन कार्यालयात जाऊन यावे. आपल्यामागे येणाऱ्या मोटारसायकलवर कोणाचा तरी मुलगा बसलेला असतो.

मी कागद गुंडाळून ठेवणार होतो. मिस्तरी म्हणाले, “मोटर कशाला पायजे? बैल जुंपा की.”

माझ्या थोरल्या चुलतभावाकडे गावी अजून एक बैलजोडी आहे. पोळ्याला तो ती सजवतो आणि वर्षभर तिच्या खर्चाविषयी कुरकुरतो. त्याच्या शेतापासून आईचे माहेर तेरा-चौदा किलोमीटर, बहुतेक गाडीवाट. बैलगाडी मोटार वाहन नव्हे. वेग ताशी चार किलोमीटर. वाऱ्याचा प्रश्न मिटला, झोक्यांचा मिटला. थेंबाचा आकार तेवढा बिनकामाचा ठरला, कारण बैलांना वाऱ्याची पर्वा नसते. तरी तो ठेवला. वाकवलेले प्लायवूड सपाट प्लायवूडपेक्षा फार ताठ होते, पावसाचे पाणी पाठीवरून निथळते आणि मागचा उघडणारा पडदा त्या वळणामुळेच सावली देतो.

पण गाडी बैलांना जुंपायची म्हटल्यावर आखाचा हिशेब पुन्हा मांडावा लागला. मोटारीच्या ट्रेलरवर माणूस बसत नाही, बैलगाडीवर पुढे गाडीवान बसतो. साठ किलोचा माणूस तोंडाच्या एक फूट पुढे बसला आणि जू तोंडापासून आठ फुटांवर असले, तर सव्वापाच फुटांवरच्या आखाने बैलांच्या मानेवर पन्नास किलोंचा भार पडतो, दांडीचे वजन वेगळेच. त्याने मानेला आवाळू यायचे. मिस्तरींनी आख थेट एक फूट पुढे ओढला. सव्वाचार फुटांवर गाडी जवळजवळ तोलात येते, आणि गाडीवान बसला की मानेवर चोवीस किलो. चढ आला, गाडी मागे झुकू लागली, की गाडीवान दांडीवर पुढे सरकतो. उतारावर मागे सरतो. लहानपणी मला वाटे, गाडीवाल्यांना एका जागी बसवत नाही म्हणून ते सरकतात. गाडीवान हे त्या यंत्रातले सरकते वजन आहे!

चाकांविषयी मात्र मी हट्ट सोडला. मला लाकडी चाके हवी होती. बाभळीचा तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांवर बसवलेले पाट्यांचे वर्तुळ आणि त्यावर लोखंडी धाव. धाव चढवणे हा पाहण्यासारखा सोहळा असे. पाच फूट व्यासाच्या चाकाची धाव चाकापेक्षा मुद्दाम आखूड करीत. मग शेण्यांच्या गोल आगटीत ती लाल होईपर्यंत तापवीत. इतक्या मोठ्या कड्याचा घेर पाचशे अंश उष्णतेने इंचभर वाढतो. तेवढ्या वेळात चार माणसांनी चिमट्यांनी ती उचलून चाकावर घालायची, घणाने बसवायची आणि लाकूड पेट घेते न घेते तोच पाण्याच्या घागरी ओतायच्या. वाफेचा लोट उठे आणि आकसणारे लोखंड आरे, पाटे, तुंबा असे आवळी की सांधे कडकड वाजत. त्या चाकाला खिळा लागत नसे. हे सारे मिस्तरींना येते, पण जोडीला लोहार हवा आणि तो आता वेल्डिंगच्या दुकानात बसतो. शिवाय लोखंडी धावेचे हादरे आईच्या गुडघ्यांना कसे सोसणार? तेव्हा रबरी टायर आले. आमच्याकडे अशा गाडीला सरळ ‘टायरगाडी’ म्हणतात. पक्क्या रस्त्यावर तीच जोडी तिच्यातून पुष्कळ जास्त ओझे ओढते.

लाकडाची निवड लवकर झाली. खालचा सांगाडा सागाचा, कारण दारिद्र्यातही सागच करावा असे मिस्तरींचे मत आहे. बाजूंना पाणी सोसणारे बारा मिलिमीटरचे प्लायवूड. त्याचा एक ताव पंचवीस किलोंच्या आसपास भरतो, म्हणून जाड घ्यायचा मोह आवरावा. पाठीच्या वळणाला सहा मिलिमीटरचा एक थर वाकताना तडकण्याची भीती, त्याऐवजी तीन-तीनचे दोन थर ओले करून एकावर एक चिकटवायचे. दोन थरांचे वळण एकदा सुकले की उलटत नाही. बाहेरून रंग पांढरा. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसपर्यंत जातो आणि गडद रंगाचा बंद डबा म्हणजे भट्टीच. समोरासमोर दोन खिडक्या आणि माथ्याला एक झडप हवीच. थंडीतही ती मिटायची नाही, कारण दोन माणसांच्या श्वासातून रात्रभरात पेलाभर पाणी भिंतींवर उतरते. आणि शेगडी आत कधीही पेटवायची नाही, कोळशाची तर नाहीच. त्या धुरात वास नसलेला विषारी वायू असतो, झोपलेल्या माणसाला तो उठवत नाही.

मिस्तरींच्या अड्ड्यावर हे काम चालू असताना रस्त्याने ऊसतोडीच्या गाड्या जाऊ लागल्या. दसरा सरला की आमच्या गंगाखेड-सोनपेठकडच्या आणि पलीकडच्या बीड जिल्ह्यातल्या गावांतून माणसे कारखान्यांकडे निघतात. ट्रॉलीत चूल, पिठाचे डबे, पत्र्याची पेटी, बाजेला बांधलेली शेळी, त्यावर म्हातारी आणि तिच्या मांडीवर पोर. तिथे गेल्यावर उसाच्या वाढ्यांची कोपी, आणि पाच-सहा महिने तेच घर. एक ट्रॉली पाणी प्यायला थांबली. वरच्या बाईंनी आमच्या थेंबगाडीची उघडी पाठ पाहिली, आतले फळ्यांचे कप्पे पाहिले आणि विचारले, “हे कुणाचं हाय?” मिस्तरी म्हणाले, “सरांच्या आईचं. गंगेला जायलेत.” बाई म्हणाल्या, “डब्याला झाकण उलट्या बाजूनं उघडतंय, धक्क्यानं सांडंल.” त्या वर्षानुवर्षे चालत्या गाडीत पीठ-मीठ सांभाळत आलेल्या होत्या. आम्ही त्या कप्प्याची कडी वरून खाली बसवली आणि कप्प्यांच्या कडेला बोटभर पट्टी मारली. ट्रॉली गेल्यावर मिस्तरी बराच वेळ रंधा न चालवता बसले होते. त्यांचा एक भाचा त्याच हंगामाला जातो, हे मला त्या दिवशी कळले.

गाडीची पाठ चिकटवून झाली आहे. ती आठवडाभर दाबात ठेवायची. मागच्या अंगाला दोन टेकू करायचे आहेत, नाहीतर बैल सोडल्यावर सौ. स्वयंपाकघराच्या फळीवर टेकल्या की आईसकट गाडी मागे कलंडायची. रात्री वाटेवर दिसावी म्हणून मागे लाल काचा लागतील. आई परवा अड्ड्यावर येऊन गेली. तिने आत बसून पाहिले, कोनाड्यात हात फिरवला आणि लहानपणी माहेरी जाताना ज्या दमणीतून ती यायची, तिच्या टपालाही असेच वळण होते, असे मिस्तरींना सांगितले. मिस्तरी म्हणाले, “दमणीच हाय ही, माय. सरांनी नाव बदललंय.”

दार डाव्या अंगाला करायचे की उजव्या, एवढे अजून ठरायचे आहे. नदी कोणत्या हाताला राहील यावर ते अवलंबून आहे, आणि त्याबाबत आईचे आणि चुलतभावाचे एकमत होत नाही.